काशीद कीं डाक?

पानिपतचा घोर निकाल नानासाहेब पेशव्यांस प्रथम कळला तो सरकारी जासुदाकडून नव्हे, तर सावकारांच्या भाडोत्री काशिदाकडून, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु टपालाच्या इतिहासाशीं तिचा जो संबंध पोंचतो, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. सन १७६१ च्या जानेवारींत पेशवे उत्तरेच्या वाटेवर होते. नर्मदेच्या परिसरांत हा काशीद त्यांच्या फौजेस आढळला. पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोंचण्याच्या करारावर तो निघाला होता, असें ग्रँट डफ सांगतो. त्याच्याजवळचें पत्र उघडून पाहिलें, तों व्यापाऱ्यांच्या सांकेतिक बोलींत दोन मोत्यें गळालीं, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुप्यातांब्याची तर मोजदादच नाहीं, अशा अर्थाचा मजकूर त्यांत निघाला.

ज्याचा पुत्र व ज्याचा चुलतभाऊ हीं तीं दोन मोत्यें, त्या राज्याच्या धन्यापाशीं जासूद होते, सांडणीस्वार होते, वाटेवर ठाणीं होतीं. तरीही ही वार्ता त्याला कळावी ती परक्याच्या पत्रांतून आणि योगायोगानें! सरकारी व्यवस्था मागें कां पडली? लढाईच्या धुमाळींत ती मोडून गेली, हें एक कारण उघड आहे. दुसरें कारण असें कीं, औरंगाबादेच्या पेढीवर उत्तरेकडील हुंडी स्वीकारावी कीं परतवावी हें ज्या सावकारास ठरवावयाचें होतें, त्याला ती बातमी इतरांच्या आधीं एक दिवस कळण्यांतच सारी जोड किंवा सारी बूड होती. म्हणून त्यानें रोकड मोजून दिवस विकत घेतले. पानिपत ते औरंगाबाद हें अंतर सरळ रेषेंत मोजलें तरी हजार किलोमीटरांहून अधिक भरतें. वाटेंत बदली माणसें किंवा जनावरें असल्यावांचून नऊ दिवसांची बोली कोणी करणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. नर्मदा उतरल्यावर औरंगाबादेस जाणाऱ्याची नेहमींची वाट बऱ्हाणपुरावरून तापी ओलांडून, खानदेशच्या पूर्व अंगानें, अजिंठ्याच्या घाटाकडे जात असे. आज ज्या मुलुखांत भुसावळ, जळगांव हीं नांवें आपण आगगाडीच्या वेळापत्रकांत वाचतों, त्याच मुलुखांतून अशा शेंकडों काशिदांचीं पावलें उमटून गेलीं आहेत.

मराठी कागदपत्रांत जासूद, काशीद, हरकारा हे शब्द पुष्कळदां एकमेकांच्या जागीं येतात, व त्यांतील सीमारेषा फार काटेकोर समजूं नये. तथापि सामान्यतः जासूद हा पदरचा नोकर आणि काशीद हा कामापुरता ठरविलेला माणूस, असा भेद दिसतो. ठरविलेल्या माणसाच्या मजुरीस अजुरा म्हणत, व त्या बोलीवर निघालेली जोडी ती अजुरदार जोडी. जोडी अशासाठीं कीं, वाटेंत एक आजारी पडला, पुरांत सांपडला किंवा मारला गेला, तरी दुसऱ्यानें पत्र तडीस न्यावें. अजुरा बहुधा दिवसांवर ठरे. इतक्या दिवसांत पोंचल्यास इतके रुपये, उशीर झाल्यास त्यांत कपात. आज कुरियरच्या दुकानांत चार दिवसांचा दर निराळा आणि आठ दिवसांचा निराळा, असा तक्ता टांगलेला पाहून कित्येकांस तें साहेबांच्या देशांतून आलेलें नवें शास्त्र वाटतें. तें आपल्याकडे अडीचशें वर्षांपूर्वीं रूढ होतें.

या व्यवस्थेंत गुण होते तसें एक मोठें वैगुण्यही होतें. ती ज्याच्याजवळ पैसा त्याचीच होती. हिंदुस्थानांत स्वारीवर गेलेल्या एखाद्या बारगिराची आई खानदेशांतल्या खेड्यांत वाट पाहत बसे, तिच्यासाठीं कोण काशीद धांवणार? ओळखीचें कोणी परत आलें, यात्रेकरू वाटेंत थांबला, तर चार शब्द कानीं पडावयाचे. नाहीं तर वर्षानुवर्षें मौन. टपालाच्या इतिहासांत सरकारी डाकेचा जो कांहीं मोठेपणा आहे, तो या आईच्या बाजूनें पाहिल्यावांचून कळत नाहीं.

कंपनीची डाकही आरंभीं स्वतःच्या कामापुरतीच होती. सन १७७४ मध्यें वॉरन हेस्टिंग्जनें ती बंगालमध्यें खासगी पत्रांस पैसे घेऊन खुली केली. पुढें खानदेशासह पेशवाईचा मुलूख १८१८ मध्यें कंपनीकडे गेला, आणि १८३७ मध्यें सतराव्या ॲक्टानें कंपनीच्या मुलुखांत भाड्यानें पत्रें नेण्याचा हक्क सरकारनें सर्वस्वीं स्वतःकडे घेतला. म्हणजे ज्या काशिदाच्या पायांवर सावकारी उभी होती, तो कायद्याच्या दृष्टीनें एकाएकीं अपराधी ठरला. याचें समर्थन त्या वेळीं लोकसोयीच्या नांवानें झालें. परंतु ती सोय तरी कशी? कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर वजनाच्या पत्रास एक रुपया! गरिबाची कित्येक दिवसांची मजुरी एका पत्रांत संपावयाची. मक्ता आधीं आला, लोकसोय मागाहून आली, हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

मक्त्याचा दुसरा एक अर्थ असा कीं, पत्र ज्याच्या थैलींत त्याच्याच डोळ्यांखालीं तें जावयाचें. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांस इंग्रजांनीं १८३९ मध्यें पदच्युत करून पुढें काशीस ठेविलें, व त्यांची दाद लावण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन सुमारें चौदा वर्षें तेथें झगडत राहिले. या माणसाची अडचण क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. फिर्याद कंपनीवर, आणि फिर्यादीचा पत्रव्यवहार लंडनहून काशीस न्यावयाचा तर मुंबई किंवा कलकत्ता सोडल्यावर डाकही कंपनीची! त्यावांचून उरलेली एकच वाट म्हणजे विश्वासाचा कोणी प्रवासी गांठून त्याच्या हातीं कागद देणें. टपाल निवडतांना मनुष्य केवळ दर आणि दिवस पाहत नाहीं; आपलें पत्र कोणाच्या हातांत पडतें हेंही तो पाहतो, आणि रंगो बापूजींसारख्याला तर तेंच आधीं पाहणें भाग होतें.

परदेशच्या टपालाचा विषय निघाला म्हणजे टॉमस वॅगहॉर्न या इंग्रजाचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्या काळीं विलायतेचें पत्र आफ्रिकेला वळसा घालून येई, आणि चार ते सहा महिने लागणें ही नित्याची गोष्ट होती. वॅगहॉर्नचें म्हणणें असें कीं, भूमध्य समुद्रांतून ॲलेक्झांड्रिया, तेथून नाईल नदीनें कैरो, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून सुएझ, आणि तांबड्या समुद्रांतून मुंबई, हा मार्ग धरल्यास हेंच पत्र कांहीं आठवड्यांत येईल. सन १८२९ च्या अखेरीस स्वतः टपाल घेऊन तो या मार्गानें निघाला. सुएझला जी आगबोट मिळावयाची ती आली नाहीं, तेव्हां पठ्ठ्यानें उघड्या होडींतून तांबड्या समुद्रांत जेद्द्यापर्यंत मजल मारली, आणि १८३० च्या मार्चांत तो मुंबईस पोंचला. विलक्षण योग असा कीं, मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट त्याच महिन्यांत पहिल्यानेंच मुंबईहून सुएझकडे निघाली. ती सुमारें तेहतीस दिवसांत पोंचली, व त्यांतले जवळजवळ बारा दिवस वाटेंतल्या बंदरांवर कोळसा भरण्यांत गेले. बोटींत कोळशानें इतकी जागा अडविली होती कीं, माणसांस व मालास फारशी उरलीच नाहीं. कंपनीच्या लंडनच्या संचालकांनीं खर्चाचा आंकडा पाहून नाक मुरडलें, हें सांगावयास नको.

वॅगहॉर्नच्या ठायीं मुत्सद्देगिरी नव्हती, परंतु धडपड अलोट होती. त्यानें मिसरांत आपलीं माणसें, उंट, घोडे, वाटेवरच्या धर्मशाळा अशी सारी सांखळी उभी केली. लंडनचे व मुंबईचे व्यापारी आपलीं पत्रें त्याच्या हवालीं करीत, आणि त्यांवर त्याच्या मार्फतीचा शिक्का उमटे. ते शिक्के असलेले लिफाफे आज संग्राहक जपून ठेवितात. हा माणूस म्हणजे त्या काळचा आंतरराष्ट्रीय कुरियरच. सरकारी टपालखात्यास जी वाट सुचली नाहीं किंवा परवडली नाहीं, ती एका माणसानें स्वतःच्या जबाबदारीवर चालवून दाखविली. आणि ती चालते हें सिद्ध झाल्याबरोबर ब्रिटिश सरकार, कंपनी आणि पी. अँड ओ. ही बलाढ्य जहाजमंडळी तिघेही त्या वाटेवर आले. वॅगहॉर्नचा धंदा हळूहळू त्यांच्या पोटांत गेला. सन १८४५ मध्यें त्रिएस्तेवरून आणखी जलद मार्ग काढण्याच्या प्रयोगांत तो कर्जांत बुडाला, व १८५० च्या जानेवारींत विपन्नावस्थेंत मरण पावला. पुढें सुएझचा कालवा खणणाऱ्या लेसेप्सनें सुएझला त्याचा अर्धपुतळा बसविला. त्याच्या जन्मगांवीं चॅटम येथें १८८८ मध्यें पूर्ण पुतळा उभा राहिला. पुतळ्यांनीं कर्ज फिटत नाहीं.

त्याच सुमारास इकडे दुसरी घटना घडत होती, आणि आमच्या मतें ती वॅगहॉर्नच्या साहसाहूनही मोठी आहे. १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानांत पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर सुरू झाला. पत्र शेजारच्या गांवीं जावो कीं कन्याकुमारीस. अंतराचा हिशेब संपला. जो रुपया केवळ पेढीवाल्यास परवडे, त्याच्या बत्तिसाव्या हिश्शांत आतां साध्या माणसाचें पत्र जाऊं लागलें. वर सांगितलेल्या बारगिराच्या आईला डाक खऱ्या अर्थानें मिळाली ती या दिवशीं. काशिदाच्या व्यवस्थेंत दूरच्या पत्राला जास्त पैसे हा न्याय आहे, आणि तो हिशेबाच्या दृष्टीनें बरोबरही आहे. डाकेनें तो जाणूनबुजून मोडला आणि जवळच्या पत्रांच्या नफ्यावर दूरचीं पत्रें पोसलीं. मक्त्याचें जर कांहीं खरें समर्थन असेल तर तें हेंच. आणि तें मक्ता मिळाल्यानंतर सतरा वर्षांनीं हातीं आलें.

लोहमार्गानें खानदेशास या साऱ्या व्यवहाराच्या मध्यभागीं आणून बसविलें. त्याआधीं मुंबई–आग्रा हमरस्ता धुळ्यावरून जात होता, व उत्तरेकडील रहदारीचा मोठा ओघ त्या वाटेनें वाहे. थळघाटाचा मार्ग १८६५ मध्यें खुला झाला. भुसावळाहून एक फांटा नागपुराकडे गेला, तो १८६७ मध्यें नागपुरास पोंचला, आणि दुसरा खंडवा–इटारसीवरून जबलपुरास जाऊन मार्च १८७० मध्यें कलकत्त्याकडील लोहमार्गास मिळाला. सन १८६८ च्या सुमारास विलायतेचें आठवड्याचें टपाल मुंबईवर उतरविण्याचा प्रघात पडलेलाच होता. त्यामुळें कलकत्त्याचें असो वा प्रयागचें, विलायतेहून आलेलें पत्र मुंबईस उतरून रात्रीच्या गाडीनें भुसावळ ओलांडल्यावांचून पुढें जात नसे. पुढें १९१२ च्या जूनपासून मुंबईच्या बॅलार्ड बंदरावरून पेशावरपर्यंत जाणारी गाडी सुरू झाली, जिला आपण पंजाब मेल म्हणतों. आगबोटींतून उतरलेल्या साहेबांबरोबर टपालाच्या थैल्याही ती नेई, आणि तिचीही वाट भुसावळावरूनच. मुंबई व एडन यांच्या दरम्यान तर जहाजावरच पत्रें निवडणारें टपालघर असे, म्हणजे बोट धक्क्याला लागतांच थैल्या थेट गाडींत पडत. तें १९१४ च्या महायुद्धाबरोबर बंद झालें.

या थैल्यांतून काय काय गेलें असेल याची कल्पना एका उदाहरणानें यावी. गोपाळराव जोशी हे टपालखात्यांतले कारकून. पत्नीला शिकवावयाचें या ध्यासानें त्यांनीं कोल्हापुराहून अमेरिकेच्या मिशनऱ्यांस पत्र लिहिलें. तें तिकडच्या एका मासिकांत छापलें गेलें, व १८८० मध्यें न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडोसिया कार्पेंटर या गृहस्थ स्त्रीच्या वाचनांत आलें. तिनें आनंदीबाईंस पत्र धाडिलें, आणि पृथ्वीच्या दोन टोंकांस बसलेल्या या दोन बायकांमध्यें मावशी–भाचीचें नातें जुळलें. पुढें गोपाळरावांची बदली बंगालमध्यें झाली. आनंदीबाईंस ताप, डोकेदुखी, धाप यांनीं ग्रासलें. तेव्हां कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. औषधांस गुण आला नाहीं, पण तीं आलीं. त्या काळच्या नित्याच्या मार्गानें श्रीरामपुरास आलेलीं अमेरिकेचीं पत्रें मुंबईस उतरून भुसावळ–जबलपुरावरूनच गेलीं असलीं पाहिजेत, कारण नागपुरावरून कलकत्त्यास जाणारा लोहमार्ग तोंवर झालाच नव्हता. सन १८८३ मध्यें आनंदीबाई स्वतः त्या पत्रांच्या मागोमाग अमेरिकेस गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं वारल्या. त्यांची रक्षा गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविली, व ती पोकीप्सी येथील त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवण्यांत आली. एका टपाल कारकुनाच्या संसारानें परदेशी टपालाचा असा आदि आणि अंत पाहिला.

हा पत्रव्यवहार मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आला, त्यास आणखी एक गोष्ट कारण झाली. सन १८७४ मध्यें स्वित्झर्लंडांतील बर्न येथें निरनिराळ्या राष्ट्रांनीं जो टपालसंघ स्थापिला, त्यांत हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजीं सामील झालें. संघाचें तत्त्व फार उदार होतें: जो देश तिकिटाचे पैसे घेईल त्यानेंच ते ठेवावे, आणि परक्या देशाचें पत्र आपल्या दारांत आलें तर तें आपलें समजून फुकट पोंचवावें. पाठविणारा उत्तराचीही अपेक्षा करतो, म्हणून शेवटीं दोन्हीकडचें पारडें सारखें होईल, असा हा विश्वासाचा हिशेब. हा हिशेब जवळजवळ शंभर वर्षें चालला. पुढें पारडीं फारच विषम होऊं लागलीं, तेव्हां १९६९ च्या टोकियो येथील अधिवेशनांत, ज्याच्याकडे जास्त टपाल येतें त्याला पोंचविण्याचा मोबदला द्यावा, असें ठरलें. पत्रांपेक्षां पेट्यांचा इतिहास निराळा. ब्रिटिश टपालखात्यानें परदेशचीं पार्सलें घेण्यास १८८५ मध्यें आरंभ केला. तोंवर पेटी पाठविणें हें मुख्यतः जहाजमंडळ्यांचें व त्यांच्या अडत्यांचें काम होतें.

याप्रमाणें डाकेचें राज्य स्थिर झालें. सन १८९८ च्या टपाल कायद्यानें पत्रें नेण्याचा मक्ता पुन्हां सरकारकडेच ठेविला, परंतु त्यांतले अपवाद मोठे मौजेचे होते. वाटेनें जाणाऱ्या मित्रानें मोबदला न घेतां पत्र नेल्यास गुन्हा नव्हता. स्वतःच्या कामासाठीं मुद्दाम माणूस पाठविल्यास गुन्हा नव्हता. मालाबरोबर त्या मालाविषयींचें पत्र फुकट गेल्यास गुन्हा नव्हता. म्हणजे मैत्रीचा काशीद चाले, भाड्याचा चालत नसे. त्याच कायद्यानें सरकारनें आणखी एक सोय स्वतःची करून घेतली: पत्र हरवलें, उशिरा पोंचलें, भलत्यास मिळालें, तर खास जबाबदारी पत्करल्यावांचून सरकार त्यास बांधलेलें नाहीं. अजुरदार जोडीचे पैसे उशिरामुळें कापतां येत. डाकेचें तिकीट एकदां चिकटविलें म्हणजे चिकटलें.

याच फटींतून काशीद पुन्हां आंत शिरला, आणि शिरला तो पुन्हां व्यापाऱ्याचे कागद घेऊनच. सन १९६९ मध्यें अमेरिकेंत डाल्सी, हिलब्लोम व लिन या तिघांनीं सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलु जहाजी मालाचे दस्तऐवज स्वतः विमानानें नेण्याचा धंदा काढिला. माल समुद्रावर असतांच त्याचे कागद बंदरांत हजर झाले म्हणजे जकातीचें काम आधींच उरकतें व जहाजाचा खोळंबा वांचतो, एवढीच युक्ति. तिघांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांवरून डीएचएल हें नांव झालें. औरंगाबादेच्या सावकारानें पानिपतच्या काशिदाकडून जें विकत घेतलें, तेंच हें. हिंदुस्थानांत असे धंदे आले, तेव्हां आपण पत्रें नेत नसून कागदपत्रें नेतों, असा त्यांचा बचाव असे. त्यांत शब्दच्छल किती होता हें सर्वांस ठाऊक होतें, सरकारलाही ठाऊक होतें. अखेर टपालखात्यानें १ ऑगस्ट १९८६ पासून स्पीड पोस्ट सुरू करून काशिदाची रीत स्वतः उचलली. आणि २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलांत आला, त्यांत पत्रें नेण्याचा मक्ता उरलाच नाहीं. १८३७ मध्यें बंद केलेलें दार, मधलीं १८७ वर्षें लोटल्यावर, कायद्यानें उघडलें. टपालावरील जबाबदारीची सूट मात्र नव्या कायद्यांतही कायम आहे.

आतां या इतिहासाचा आजच्या संसाराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. भुसावळनजीकचें दीपनगर घ्या. औष्णिक वीजकेंद्राबरोबर वसलेली ही वसाहत. अशा वसाहतींत माणसें बाहेरून येतात आणि त्यांचीं मुलें आणखी बाहेर जातात. मुलगी ओहायोंत, मुलगा म्युनिकांत, आणि आईवडील येथें, हें चित्र आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. दिवाळीच्या आधीं त्या घरांत खोकें सिद्ध होतें, आणि काशीद कीं डाक हा प्रश्न उभा राहतो.

त्यांतलें मर्म असें आहे. टपालाची पेटी सहासात हातांतून जाते: गांवचें टपालघर, मुंबईचें विदेशी टपालघर, तेथील जकातवाले, विमानमंडळ, परदेशचे जकातवाले, परदेशचें टपालखातें. प्रत्येक हात आपल्यापुरता जबाबदार, साखळीस एक मालक नाहीं. कुरियरची पेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत बहुधा एकाच मंडळाच्या हातीं किंवा त्याच्या अडत्याच्या हातीं असते; जकातीचे कागदही तेंच मंडळ भरतें, आणि त्याचा मोबदला पुष्कळदां पेटी घेणाऱ्याकडून वसूल करतें. आईनें पाठविलेल्या भेटीवर मुलीला दारांत पैसे मोजावे लागतात, हें आईला अनेकदां कळतही नाहीं. शिवाय कुरियरवाले वजनाबरोबर आकारही मोजतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत गुणून त्या गुणाकारास पांच हजारांनीं भागावयाचें, आणि खरें वजन व हें कल्पित वजन यांतील जें मोठें त्याचे पैसे घ्यावयाचे, असा त्यांचा सामान्य नियम. चारही अंगांनीं चाळीस सेंटिमीटरांचें खोकें असलें म्हणजे चौसष्ट हजार भागिले पांच हजार, म्हणजे बारा किलो आठशें ग्रॅम. त्यांत चिवडा आणि उडदाचे पापड भरले तर कांट्यावर सहा किलोही भरणार नाहींत. लाडू मात्र या गणितांत फार सज्जन ठरतात. तेव्हां पापडांची पेटी असेल तर टपालाचा तक्ता आधीं पाहावा, आणि परीक्षेचे किंवा व्हिसाचे मूळ कागद असतील तर खर्चाकडे न पाहतां काशीद धरावा, असें आमचें मत आहे. जबाबदारीविषयीं मात्र कुरियरचाही फार भरंवसा धरूं नये. पावतीच्या पाठीमागें बारीक अक्षरांत जें छापलेलें असतें, तें वाचल्यास सरकारी कलमाची आठवण होते. मोलाची वस्तु असेल तर दोघांकडेही निराळा विमा उतरविणें हाच उपाय.

तिसरी वाट कायद्यानें १८९८ मध्यें अपवाद म्हणून ठेवली होती ती, म्हणजे मैत्रीची. कोणाचे व्याही सिॲटलला निघाले कीं, त्यांच्या तेवीस किलोंच्या बॅगेंत दोन किलोंची जागा मागण्यास चार घरचीं माणसें जातात. ही वाट फुकट आहे, जलद आहे, आणि तिच्यांत उपकाराचें ओझें तेवढें मोजलें जात नाहीं.

या निवडीचा खरा कस लागला तो २०२५ च्या दिवाळीपूर्वीं. अमेरिकेनें आठशें डॉलरांपर्यंतच्या मालास असलेली जकातीची सूट २९ ऑगस्टपासून काढून घेतली. आतां प्रत्येक पेटीवर जकात वसूल करून भरावयाची कोणी, हें निश्चित नव्हतें. विमानमंडळ्यांनीं टपालाच्या थैल्या घेण्यास नकार दिला, आणि भारतीय टपालखात्यानें २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडील बहुतेक टपाल थांबविलें. शंभर डॉलरांपर्यंतच्या भेटी आरंभीं वगळल्या होत्या, परंतु त्या महिन्याच्या अखेरीस त्याही थांबल्या, साधीं पत्रें सुद्धां थांबलीं. मोठ्या कुरियरमंडळांपाशीं जकात भरण्याची यंत्रणा आधींपासून होती, तेव्हां त्यांची वाट चालू राहिली. बर्नच्या संघानें जी गोष्ट गृहीत धरली होती कीं, एका देशाचें टपाल दुसरा देश आपलें समजून स्वीकारील, ती एका आज्ञापत्रानें सात आठवडे निलंबित झाली. ज्यांस कुरियरचा दर परवडला त्यांचें खोकें गेलें. ज्यांस परवडला नाहीं त्यांचें घरीं राहिलें. टपालखात्यानें अडकलेल्या पेट्यांचे पैसे परत देऊं केले.

१५ ऑक्टोबर रोजीं, जकात येथेंच आगाऊ घेण्याची व्यवस्था करून, टपालानें ती वाट पुन्हां उघडली. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतें. त्या दिवशीं टपालघरांत दिलेला फराळ २ नोव्हेंबरच्या तुळशीच्या लग्नापर्यंत अमेरिकेंत पोंचला असेल, तर तो वेळेवरच पोंचला म्हणावयाचा.